व्हीसीआर आणि पाळीचा माणूस

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत ज्यांची हयात गेली, त्यांचा दिवस सूर्योदयाने सुरू होत नाही; तो पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या पाळीच्या भोंग्याने सुरू होतो, आणि आठवडा पालटला की दिवसाचा आरंभही पालटतो. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या पिंपरीतील कारखान्यात पेनिसिलिनच्या किण्वनाची टाकी एकदा लागली की ती अहोरात्र चाले. तिला रविवार नव्हता आणि दिवाळीही नव्हती, तिच्यापाशी कोणीतरी जागे असावेच लागे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, त्याच दशकात टेल्को आणि बजाज यांचे विस्तीर्ण कारखाने पिंपरी-आकुर्डीच्या माळावर उभे राहिले, भोसरीत व चिंचवडात त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगांची दाट वस्ती झाली, आणि मराठवाड्यातून, खानदेशातून, सातारा-सांगलीकडून पोटासाठी आलेल्या माणसांनी शेताची वेळ मागे ठेवून पाळीची वेळ अंगवळणी पाडली. त्यातही येथील बहुसंख्य कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार निरनिराळ्या वारांवर वाटून देण्याची ती जुनी तजवीज आहे. उरलेला महाराष्ट्र ज्या दिवशी एकत्र बसून जेवतो त्या दिवशी या पट्ट्यातला माणूस यंत्रापुढे उभा असतो, आणि याला सुट्टी मिळते तेव्हा मुले शाळेत गेलेली असतात.

घरगुती चित्रमुद्रक यंत्राविषयी, म्हणजे ज्याला आपण सर्व जण व्हीसीआर म्हणत आलो त्याविषयी, मला जी तक्रार मांडावयाची आहे ती या पार्श्वभूमीवाचून समजणार नाही. तक्रार जुन्या वस्तूची आहे आणि ती वस्तू आता बाजारातून नाहीशी झाली आहे, हे मला मान्य आहे. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत तिचे उत्पादन थांबवले, तेव्हा शेवटचा मोठा उत्पादकही गेला. परंतु त्या यंत्राच्या अपयशाचा ठपका ज्यांच्यावर ठेवण्यात आला ती माणसे अद्याप आपल्यात आहेत, त्यांनी तो ठपका निमूटपणे स्वीकारलेला आहे, आणि माझ्या मते तो निकाल अन्यायाचा होता.

दूरदर्शनचे स्वरूप मूळचेच हुकमी. वर्तमानपत्र घरी पडून राहते, पुस्तक वाट पाहते, चित्रपटाचा खेळ दिवसातून तीनचारदा होतो. दूरदर्शनवरचा कार्यक्रम मात्र नेमल्या घटकेला येतो आणि त्या घटकेबरोबर जातो. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे त्याचे चित्र पुणे-पिंपरीत दिसू लागले. एकच वाहिनी, ठरलेले तास आणि घराघरांत एकाच वेळी तेच दृश्य, या व्यवस्थेने समाजाला एक सामायिक अनुभव दिला, हे तिचे ऋण कोणीही नाकारू नये. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले, त्यापाठोपाठ १९८८ च्या गांधीजयंतीपासून ‘महाभारत’ आले, आणि त्या तासाभरात गावोगावचे रस्ते ओस पडत असल्याचे ज्यांनी पाहिले त्यांना त्या अनुभवाचा विस्तार सांगावा लागत नाही. पण ज्या घरातला कर्ता पुरुष पहाटेच कंपनीच्या बसने कामावर गेलेला असे, किंवा रात्रपाळीवरून येऊन नुकता आडवा झालेला असे, त्या घरात तो सामायिक अनुभव एका माणसाला वगळून होत असे. संध्याकाळी जेवताना मुलांच्या तोंडून कथाभाग ऐकायचा, एवढेच त्याच्या वाट्याला येई.

अशा माणसासाठीच हे यंत्र निर्माण झाले आहे, असे त्याच्या निर्मात्यांचे म्हणणे होते. १९७२ साली फिलिप्सने घरगुती उपयोगाचा पहिला कॅसेट-मुद्रक विक्रीस आणला तेव्हाच त्याला घड्याळ जोडलेले होते. १९७५ साली सोनीचा बेटामॅक्स आणि १९७६ साली जेव्हीसीचा व्हीएचएस आला, आणि या दोघांच्या प्रदीर्घ स्पर्धेत व्हीएचएस टिकला. चित्रपट-निर्मात्यांना हे यंत्र चोरीचे साधन वाटले व त्यांनी अमेरिकेत दावा गुदरला; परंतु तेथील सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी, ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने, असा निर्णय दिला की प्रक्षेपित कार्यक्रम मुद्रित करून आपल्या सवडीने पाहणे हा प्रेक्षकाचा रास्त व्यवहार आहे. हा निर्णय मला नेहमीच मोठ्या मोलाचा वाटत आला आहे. प्रक्षेपणाची घटका प्रक्षेपकाने ठरवावी, पण पाहण्याची घटका पाहणाऱ्याची असावी, हा नागरिकाचा हक्क त्यात मान्य झाला. आणि जगात ज्यांना या हक्काची खरी निकड होती त्यांत आमच्या पट्ट्यातील तीन पाळ्यांचा कामगार अग्रभागी होता.

यंत्राच्या अंतरंगाकडे पाहिले तर निर्मात्यांच्या प्रज्ञेविषयी आदरच वाटतो. अर्धा इंच रुंदीची फीत सेकंदाला सुमारे २.३४ सेंटिमीटर एवढ्या मंद गतीने सरकते. ६२ मिलिमीटर व्यासाचा तिरका ढोल आपल्याकडील पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घेत तिच्यावर तिरप्या रेषा ओढत जातो. त्या प्रत्येक रेषेत चित्राचा एक अर्धा भाग सामावतो. आणि शेजारच्या रेषांची सरमिसळ होऊ नये म्हणून दोन्ही शीर्षांचा कोन परस्परविरुद्ध दिशांना ६ अंशांनी कललेला असतो. टूलरूममध्ये काम केलेल्या कोणत्याही माणसाला ही अचूकता पाहून हात जोडावेसे वाटतील. मग एवढे सूक्ष्म काम ज्यांच्या हातून झाले त्यांनी तयार केलेल्या यंत्रावर रविवारी सकाळी साडेनऊचा कार्यक्रम मुद्रित करण्याचे साधे काम घरोघर का फसत होते?

ते कसे फसे, हे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण दोष तपशिलातच आहे. आधी यंत्राचे घड्याळ लावावे लागे. त्यासाठी वर्ष, महिना, तारीख, तास व मिनिट हे एकाच बटणाने, पुढे जाता येते पण मागे येता येत नाही अशा रीतीने, फिरवीत न्यावे लागत. मग झडपेआडच्या बारीक चकत्या फिरवून दूरदर्शनचे केंद्र यंत्रात वेगळे पकडावे लागे, कारण टीव्हीत पकडलेले केंद्र यंत्राला ठाऊक नसे. त्यानंतर कार्यक्रमाचा क्रमांक, दिवस, आरंभ, शेवट, वाहिनी आणि फितीची गती यांची नोंद. मग पुरेशी फीत शिल्लक असलेली कॅसेट आत घालणे. आणि हे सर्व करून झाल्यावर एक वेगळी कळ दाबून यंत्राला प्रतीक्षेच्या स्थितीत ठेवणे, ज्या स्थितीत ते बाहेरून बंद पडल्यासारखेच दिसे. यांपैकी एक पायरी चुकली की काहीही मुद्रित होत नसे. आणि सर्वांत मोठा अपराध माझ्या मते हा की, पायरी चुकल्याचे यंत्र त्या वेळी सांगत नसे. दुसऱ्या पाळीवरून मध्यरात्री परतलेल्या माणसाने कॅसेट मागे गुंडाळून सुरू केली म्हणजे, पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचे वादळ पाहून, त्याला ते कळे. पुढे आमच्या विजेचा प्रश्न होताच. ज्या गुरुवारी कारखाने बंद असत त्याच दिवशी दुरुस्तीसाठी वीज खंडित करण्याची येथे प्रथा आहे. वीज गेली की यंत्राचे घड्याळ पुसले जाई आणि तबकडीवर शून्याचा किंवा बाराचा आकडा उघडझाप करीत राही. काही यंत्रांत थोडा वेळ तग धरणारी सोय होती, पण ती तासन्तास वीज जाणाऱ्या देशाचा विचार करून केलेली नव्हती. आखातातून नातेवाइकांनी आणलेल्या यंत्रासोबतची पुस्तिका इंग्रजीत व अरबीत असे. मराठी सातवीपर्यंत शिकलेल्या गृहिणीने तिच्यापुढे काय करावे?

येथे आक्षेप घेतला जाईल, आणि तो अनेक सुशिक्षितांच्या तोंडून मी ऐकलेला आहे, की यंत्र गुंतागुंतीचे असणारच, वापरणाऱ्याने पुस्तिका वाचून ते शिकून घ्यावे, आणि जो शिकत नाही त्याने दोष आपल्याकडे घ्यावा. हा आक्षेप दुसऱ्या एखाद्या गावात कदाचित खपून जाईल. पिंपरी-चिंचवडात तो क्षणभरही टिकत नाही. जो टर्नर मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचतो, जो फिटर शेकडो भागांची गिअरपेटी डोळ्यांपुढे आराखडा न ठेवता उलगडून पुन्हा जुळवतो, जो विद्युत्-तंत्रज्ञ नियंत्रण-मंडलाचा नकाशा पाहून बिघाड हुडकतो, तो माणूस घरी येऊन तबकडीवरचे घड्याळ लावू शकत नाही, याची दोनच कारणे संभवतात: एक तर कंपनीच्या फाटकातून बाहेर पडताच त्याची बुद्धी लोप पावते, किंवा ते घड्याळ लावण्याची रीतच सदोष आहे. पहिले कारण कोणी गंभीरपणे मांडील असे मला वाटत नाही.

शिवाय ज्या जपानमधून ही यंत्रे आली, त्याच जपानने कारखान्याच्या आवारात याच्या अगदी उलट शिकवण दिली होती. शिगेओ शिंगो या अभियंत्याने १९६१ साली यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात केलेली एक साधी सुधारणा प्रसिद्ध आहे. एका खटक्यात दोन बटणांखाली दोन स्प्रिंगा बसवाव्या लागत आणि कामगारांकडून अधूनमधून एखादी विसरली जाई. व्यवस्थापक त्यांना लक्ष देऊन काम करण्याची ताकीद देत. शिंगोने ताकीद बंद केली. त्याने कामगारापुढे एक छोटी बशी ठेवली, जुळणीपूर्वी दोन स्प्रिंगा मोजून त्या बशीत ठेवायला लावल्या, आणि जुळणी संपली तरी बशीत स्प्रिंग उरली असेल तर चूक तिथल्या तिथे उघड होऊ लागली. पोका-योके या नावाने ही पद्धत पुढे जगभर गेली आणि आज चाकण-भोसरीतल्या लहानशा कारखान्यातला शिकाऊ मुलगाही ते नाव सहज उच्चारतो. उलटा बसू न शकणारा फिक्श्चर, भाग जागेवर नसेल तर न चालणारा प्रेस, ही त्याच्या नित्याच्या परिचयाची उदाहरणे आहेत. त्या शिकवणुकीचा गाभा असा की माणूस विसरणारच, थकणारच, त्याचे लक्ष विचलित होणारच. तेव्हा त्याला बोल लावण्यापेक्षा चूक घडूच नये, अथवा घडताच दिसावी, अशी रचना करणे हे अभियंत्याचे कर्तव्य आहे.

आणि नवल असे की हे तत्त्व खुद्द व्हीएचएसच्या कॅसेटमध्ये पाळले गेले होते! ती कॅसेट यंत्रात उलटी जात नाही. तिच्या कडेला प्लॅस्टिकची एक चिमुकली जीभ असते. ती मोडली की त्या फितीवर नव्याने मुद्रण होऊ शकत नाही, म्हणून मुलीच्या लग्नाचे चित्रण चुकून पुसले जाण्याची भीती नाही. आणि मन बदललेच तर त्या भोकावर चिकटपट्टी लावून ती फीत पुन्हा खुली करता येते. ही युक्ती कोणाला शिकवावी लागली नाही. ती डोळ्यांना दिसत होती, बोटांना कळत होती. म्हणजे निर्मात्यांना सुगम रचना येत नव्हती असे नव्हे. जेथे वस्तूचा हाताशी संबंध येतो तेथे त्यांनी ती केली, आणि जेथे वस्तूचा वापरणाऱ्याच्या मनाशी संबंध येतो, त्याने काय ठरवले आहे हे जेथे यंत्राला सांगावयाचे असते, तेथे ती केली नाही. डोनल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली नित्याच्या वस्तूंच्या मानसशास्त्रावर लिहिलेल्या ग्रंथात हाच विषय मांडला: आपण केलेल्या क्रियेचा काय परिणाम झाला हे वस्तूने तत्काळ दाखवले पाहिजे, आणि लोक वस्तूवरून स्वतःला दोष देतात तेव्हा बहुधा दोष रचनेचा असतो.

याचे कारण मला दुकानाच्या फळीवर सापडते. ग्राहक यंत्र विकत घेतो तेव्हा त्याला गुणांची यादी दिसते: चौदा दिवस आधी आठ कार्यक्रम लावण्याची सोय, चार शीर्षे, दूरनियंत्रक, दोन गती. यादी मोजता येते, शेजारच्या यंत्राच्या यादीशी ताडून पाहता येते, खोक्यावर छापता येते. सुगमता छापता येत नाही. तिचा अनुभव घरी गेल्यावर, पैसे चुकते झाल्यावर येतो. सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त झाल्यामुळे नवे गुण यादीत घालण्यास खर्च जवळजवळ लागत नसे, पण वेगळे बटण, मोठी तबकडी, ठळक अक्षरे यांना मात्र प्रत्येक नगामागे पैसे पडत. म्हणून गुण वाढत गेले आणि बटणे कमी होत गेली, आणि एकेका बटणावर पाच-पाच कामांचा बोजा येऊन पडला. हे सर्व दुष्टबुद्धीने झाले असे मी म्हणत नाही. ज्याची मोजदाद होते ते सुधारते आणि ज्याची होत नाही ते रखडते, हे कारखान्यातील प्रत्येक गुणवत्ता-निरीक्षकास ठाऊक आहे. येथे वापरणाऱ्याच्या फजितीची मोजदाद कोणी ठेवलीच नाही.

उपाय अशक्य होता, असेही नाही. पश्चिम जर्मनीत १९८५ पासून प्रक्षेपकच चित्रासोबत एक गुप्त संकेत पाठवीत, त्यावरून यंत्राला नियोजित कार्यक्रम प्रत्यक्षात केव्हा सुरू झाला ते समजे. कार्यक्रम लांबला तरी मुद्रण चुकत नसे. अमेरिकेत १९९० पासून वर्तमानपत्रांत प्रत्येक कार्यक्रमापुढे काही आकडे छापले जाऊ लागले. तेवढे आकडे यंत्राला दिले की दिवस, वेळ, वाहिनी हे सर्व आपोआप नोंदले जाई. या दोन्ही युक्त्यांसाठी प्रक्षेपक, वृत्तपत्र आणि यंत्रनिर्माता यांना एकत्र बसावे लागले, आणि तेवढ्यानेच प्रश्न पुष्कळसा सुटला. आपल्याकडे दूरदर्शन सरकारी होते, वाहिनी एकच होती, एका परिपत्रकाने जे होऊ शकले असते ते करावे असे कोणास सुचले नाही. कारण व्हीसीआर ही श्रीमंतांची चैन अथवा चोरट्या चित्रपटांचे साधन आहे, अशीच त्या काळच्या दप्तरी मनाची समजूत होती.

परिणाम काय झाला? घड्याळाने जे काम करावयाचे ते घरातल्या माणसांवर आले. कामावर जाताना नवरा बायकोला सांगून जाई की अमुक वाजता लाल बटण आणि त्याच्या शेजारचे बटण एकदम दाब. ती बिचारी पोळ्या अर्धवट टाकून, पीठ लागलेले हात पुसत, घड्याळाकडे डोळे लावून बसे. किंवा शाळकरी मुलावर ती कामगिरी सोपवली जाई आणि ते खेळात विसरले तर रात्री बोलणी खाई. एका यंत्राच्या रचनेतील कसूर अशा रीतीने एका कुटुंबाच्या आपसांतील रुसव्याफुगव्यांत रूपांतरित झाली, याचा हिशेब कोणत्याही कंपनीच्या दप्तरी नाही. आणि हळूहळू लोकांनी मुद्रणाचा नादच सोडला. गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीतून शनिवारी रात्री रंगीत टीव्ही व व्हीसीआर भाड्याने आणायचा, चाळीतल्या सर्वांनी वर्गणी काढायची आणि पहाटेपर्यंत तीन चित्रपट पाहायचे, एवढाच त्याचा उपयोग उरला. पुढे मुद्रणाची सोय मुळातच नसलेला, केवळ कॅसेट दाखवणारा व्हीसीपी बाजारात आला, आणि तो स्वस्त असल्याने घरोघर गेला. ज्या हक्कासाठी अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेले, तो हक्क आपण काही रुपयांच्या बचतीसाठी सोडून दिला, कारण तो हातात असूनही कधी बजावता आला नव्हता.

या त्यागाची सांस्कृतिक किंमत मला फार मोठी वाटते. फिलाडेल्फियात मॅरियन स्टोक्स नावाची एक ग्रंथपाल बाई होती; तिने १९७९ पासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत अनेक वाहिन्यांवरील बातम्या अहोरात्र मुद्रित केल्या, आणि तिच्यामागे सुमारे ७०,००० कॅसेटी उरल्या, ज्या आज इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेच्या ताब्यात इतिहासाचे साधन म्हणून आहेत. तिनेही यंत्राच्या घड्याळावर विसंबून हे केले नाही. सहा तासांनी फीत संपे, म्हणून तिच्या घरचे लोक जेवण अर्धे टाकून कॅसेट बदलायला परतत. तिच्यापाशी संपत्ती होती आणि विलक्षण निष्ठा होती. आपल्या मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबांपाशी यांतले पहिले नव्हते. पण यंत्र जर साधे असते तर मुंबई दूरदर्शनवर सादर झालेली नाटके, मुलाखती, गाण्यांच्या मैफली, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम यांचा किती मोठा संग्रह घरोघरच्या कपाटांत आपोआप साठला असता! त्यांतले काही पावसाळ्यातल्या दमट हवेने फितीवर बुरशी धरून नष्ट झाले असते हे खरे, तथापि काही तरी उरलेच असते. आज त्या कार्यक्रमांपैकी जे सरकारी संग्रहात टिकले असेल तेवढेच आपले, आणि बाकीचे साठीपुढच्या माणसांच्या आठवणीत.

वापरणाऱ्यांवर ठपका ठेवणारा निकाल अन्यायाचा होता असे मी आरंभी म्हटले, त्याचा पुरावा पुढच्या पिढीच्या यंत्रांनीच दिला. केंद्र सरकारच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ या मुदतीने, पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील केबलवरचे जुने प्रक्षेपण बंद झाले. जुन्या व्हीसीआरमधील केंद्र पकडण्याची यंत्रणा, जी कधी नीट वापरली गेली नव्हती, ती निरुपयोगी ठरली, कारण चित्र आता सेट-टॉप बॉक्समधूनच येणार होते. काही बॉक्सांत मुद्रणाची सोय आली. पडद्यावर कार्यक्रमांचे वेळापत्रक नावानिशी दिसू लागले. हव्या त्या नावावर जाऊन एक बटण दाबावे, मालिका असेल तर तिचे सर्व भाग एकाच आज्ञेने राखून ठेवावे, घड्याळाची चिंता करू नये, कारण वेळ वरून येते. नोंद झाली की लाल खूण लगेच दिसते. आणि काय आश्चर्य, ज्या गृहिणीला ‘तुला यंत्रातलं काही कळत नाही’ असे पंचवीस वर्षे ऐकवले गेले, ती एका दुपारीत हे शिकली आणि नातवंडांना शिकवू लागली. तिचे शिक्षण वाढले नव्हते, वय मात्र वाढले होते. बदलली होती ती यंत्राची रचना. याहून निःसंदिग्ध प्रमाण कोणते हवे?

पण या नव्या यंत्राने एका हाताने जे दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले, आणि येथे माझी निराशा अधिक खोल आहे. व्हीएचएसची कॅसेट माझी होती. ती मी शेजाऱ्याला देऊ शकत होतो, गावी पाठवू शकत होतो, दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर लावू शकत होतो. नव्या बॉक्समध्ये राखून ठेवलेला कार्यक्रम सांकेतिक कुलपात असतो आणि ते कुलूप त्याच बॉक्सला व त्याच वर्गणीला बांधलेले असते. माझ्या घरचा असा एक बॉक्स बिघडला तेव्हा कंपनीच्या माणसाने तत्परतेने दुसरा आणून बसवला, सौजन्याने बोलला, आणि त्यातले आमचे मुद्रण परत मिळणार नाही असे सांगून जुना बॉक्स घेऊन गेला. त्यात आमच्या घरातल्या एका वृद्धेने वर्षानुवर्षे जपलेली कीर्तने होती. मुदत संपल्यावर नूतनीकरण न केल्यास मुद्रित कार्यक्रमही दिसेनासे होतात, हीही अट करारात असते, जो करार कोणी वाचत नाही. जुने यंत्र वापरता येत नव्हते पण त्यातले जे हाती लागे ते आपले असे. नवे यंत्र वापरता येते पण त्यातले काहीच आपले नसते. सुगमता आणि स्वामित्व यांत निवड करायला लावणारी ही व्यवस्था मला मान्य नाही, कारण या दोहोंत स्वभावतः विरोध नाही. विरोध विक्रेत्याच्या हितसंबंधातून आलेला आहे. मोबाइलवरून पाहावयाच्या मालिकांची तर बातच वेगळी: तेथे प्रेक्षकाने काही राखून ठेवावे ही कल्पनाच उरलेली नाही, परवानगी आहे तोवर पाहावे आणि एके दिवशी ती मालिका यादीतून गेली म्हणजे गप्प बसावे.

हे सारे गतकाळाचे गाऱ्हाणे म्हणून सोडून देता आले असते; परंतु तोच दोष आता आमच्याच पट्ट्यात, आणि अधिक धोक्याच्या जागी, शिरताना मला दिसतो. १९९९ मध्ये बजाजचा, २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचा, त्यापाठोपाठ महिंद्रचा असे कारखाने चाकणच्या परिसरात आले, आणि जो गाव कांद्याच्या बाजारासाठी व फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली लढवलेल्या संग्रामदुर्गासाठी ओळखला जाई तो मोटारींसाठी ओळखला जाऊ लागला. जगभरच्या मोटारींत गेल्या दशकात बटणे आणि गोल खुंट्या कमी होत गेल्या व त्यांची जागा काचेच्या पडद्याने घेतली. वातानुकूलन, आरसे, कित्येकदा पुढची-मागची काच साफ करण्याची सोयही पडद्यावरच्या याद्यांत गेली. कारण तेच: यादीतला प्रत्येक गुण फुकट पडतो आणि प्रत्येक बटणाला पैसे लागतात. फरक एवढाच की व्हीसीआर चुकला तर रामायणाचा एक भाग बुडे. येथे डोळे रस्त्यावरून हटतात. युरोपात हे ध्यानात आले आहे. तेथील युरो एनकॅप या मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने जाहीर केले की २०२६ पासून सर्वोच्च श्रेणी हवी असेल तर वळणाचा इशारा, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि आपत्कालीन मदतीची हाक यांसाठी हाताला लागणारी स्वतंत्र साधने असावीत. आणि फोक्सवॅगननेही काढून टाकलेली बटणे परत आणण्याचे ठरवले आहे.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून त्याच प्रकारचे भारत एनकॅप सुरू झाले आहे, १९६६ पासून पुण्यात कार्यरत असलेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेचे एक केंद्र चाकणलाच आहे, आणि मोटारींची रचना करणारे अनेक तरुण अभियंते प्राधिकरणात, चिखलीत, मोशीत राहतात. त्यांच्यातल्या कित्येकांचे वडील याच कारखान्यांत पाळीवर होते आणि घरच्या व्हीसीआरपुढे हताश होऊन बसत. भारत एनकॅपच्या निकषांत आघातापासून संरक्षणाच्या जोडीला नियंत्रणांच्या सुगमतेची परीक्षा समाविष्ट करावी, अशी माझी त्या संस्थांना विनंती आहे. आणि ती परीक्षा वातानुकूलित दालनात तरुण अभियंत्यांकडून करवून घेऊ नये. दुसरी पाळी संपल्यावर, आठ तास उभे राहून थकलेल्या माणसाला, पुस्तिका न देता, तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या मालमोटारींच्या रांगेत भर पावसात ती गाडी चालवायला द्यावी, आणि समोरची काच पुसण्याची कळ त्याला रस्त्यावरून नजर न काढता सापडते की नाही, किती वेळात सापडते, याची नोंद ठेवावी. ती नोंद, चुकांच्या संख्येसह, गाडीच्या किमतीशेजारी छापून ग्राहकाच्या हाती दिली जावी.